दांड्या कोणी तपासल्या?

बंद पडलेल्या त्या थिएटरला चालू असताना कधी मिळाली नाही एवढी गर्दी त्या रविवारी मिळाली. आधी खुर्च्या भरल्या, मग मधल्या वाटा, मग लोक पडद्याखालच्या कट्ट्यावर फतकल मारून बसले. ज्या पडद्यावर एके काळी नायक मरता मरता पाऊण रीळ बोलायचा, त्या पडद्यावर आता फक्त एक आकडा होता. शून्य, टिंब, आणि पुढे शेपटासारखे वळवळणारे आकडे.

स्टेजवर विद्युतगुरू उभे होते. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट आणि पायात रबरी चपला. चपला रबरी का, तर त्यांची शक्ती जमिनीत उतरून वाया जाऊ नये म्हणून. हे मला माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी सांगितलं. काका स्वतः इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान चालवत होते, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"माणूस म्हणजे काय?" गुरूंनी विचारलं.

"बॅटरी," सगळं थिएटर म्हणालं.

"झोप म्हणजे?"

"चार्जिंग."

"आजार?"

"लूज कनेक्शन."

"आणि मरण म्हणजे डिस्चार्ज. म्हणून तर हॉस्पिटलवाले घरी पाठवताना हातात डिस्चार्ज देतात. त्यांना आधीच माहीत असतं."

लोक हसले. मीही हसलो. वाईट माणसाचा विनोदही कधी कधी चांगला असतो, तिथेच सगळी गोची होते.

पद्धत अशी होती. टेबलावर एक मीटर, मीटरला दोन वायरी, प्रत्येक वायरीच्या टोकाला एक दांडी आणि दांडीला गुंडाळलेलं ओलं कापड. नवीन आलेल्या माणसाच्या हातात निळ्या कापडाच्या दांड्या द्यायच्या. गुरूंसमोर डोळे मिटून बसायच्या बैठका पूर्ण झाल्या की पांढऱ्या कापडाच्या. निळा म्हणजे तहान, पांढरा म्हणजे तृप्ती. दांड्यांमधून माणसाची जीवनशक्ती मीटरमध्ये शिरायची आणि तिथून पडद्यावर.

आधी एका नव्या गृहस्थांनी निळ्या दांड्या धरल्या. आकडा शून्याच्या आसपास घुटमळला. "निद्रित," गुरू हळहळले. थिएटरने उसासा टाकला. गृहस्थांनी तर अशी मान खाली घातली की जणू त्यांचा निकालच लागला.

मग गुरू म्हणाले, "आता आपल्या कटरताई."

आणि माझी सख्खी मोठी बहीण स्टेजवर गेली.

तिने पांढऱ्या दांड्या धरल्या. आकडा उडी मारून शून्य टिंब आठच्या वर गेला आणि तिथेच राहिला. "तेजस्वी," गुरू म्हणाले. टाळ्या. ताईचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, खोटं तर खोटं.

मग तिने माईक घेतला. "मला लहानपणापासून फिट्स यायच्या. इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या. दोन आठवडे झाले, सगळ्या बंद केल्या. एकही फिट आली नाही. पुढच्या सोमवारपासून मी परत कटिंग मशीनवर बसणार."

जाऊ दे, असं वाटणं तिथेच संपलं.

कटिंग मशीन म्हणजे काय ते सांगतो. ताई कपड्यांच्या कारखान्यात आहे. तिथे कापडाचे थरावर थर रचून वीतभर उंच गठ्ठा करतात आणि विजेवर चालणारं उभं पातं त्यातून फिरवतात. एक हात मशीनवर, दुसरा पात्याच्या जवळ, कापड दाबून धरलेला. ताईचा हात इतका साफ होता की मालक पाहुण्यांना तो दाखवायला आणायचे. मग मालकांना तिच्या गोळ्यांचं कळलं आणि त्यांनी तिला बटणांच्या टेबलावर बसवलं. पगार तोच. पण ताई म्हणाली होती, "वाघाला मांजरांची पिल्लं सांभाळायला बसवलंय."

स्टेजवर गुरूंनी मीटर उचलून उलटा केला. मागे एक चंदेरी स्टिकर होता.

"आमच्यावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "विज्ञानावर ठेवा. हा मीटर कुठे तपासलाय? जिथे व्होल्ट जन्माला येतो तिथे. सर, दोन शब्द."

पहिल्या रांगेतून आमचे सर उठले. माझे सर. ज्यांनी मला स्क्रू फिरवण्यापासून शंका घेण्यापर्यंत सगळं शिकवलं ते.

"मीटर बरोबर आहे," सर माईकवर म्हणाले. "दहा लाखात एका भागाचीही चूक नाही." आणि बसले.

शिट्ट्या वाजल्या. सरांची सगळी नोकरी अचूकतेत गेली, पण अचूकतेला शिट्टी पडलेली त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असेल. मी मात्र खुर्चीत खाली सरकलो. कारण तो मीटर मी तपासला होता. स्टिकरही मीच चिकटवला होता, जरासा तिरका.

आमची लॅब व्होल्टची आहे. बाजारातल्या वजनांना जसं कुठेतरी एक मूळ वजन लागतं, तसं देशातल्या झाडून सगळ्या मीटरांना एक मूळ व्होल्ट लागतो. पूर्वी त्यासाठी खास बॅटऱ्या ठेवायचे. पण बॅटरी म्हणजे घरातल्या थोरल्या आत्यासारखी. उन्हाळ्यात वेगळी, थंडीत वेगळी, हलवली की रुसते आणि वयानुसार उतरत जाते. आता आमच्याकडे एक चिप आहे, नखाएवढी. तिच्यावर अतिसंवाहक धातूचे हजारो बारीक जोड आहेत. अतिसंवाहक म्हणजे भयंकर थंडीत गेल्यावर विजेला अजिबात अडवत नाही असा धातू. अशा दोन थरांमध्ये अडथळ्याचा एक झिरझिरीत पापुद्रा, हा झाला एक जोड.

ही चिप आम्ही द्रवरूप हेलियमच्या टाकीत बुडवतो, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर. मग तिच्यावर सूक्ष्मलहरी सोडतो, घरातल्या ओव्हनमध्ये असतात त्यांच्या चुलत बहिणी. आणि मग ती चिप व्होल्टेज देते, पण जिन्यासारखं. या पायरीवर उभे राहा नाहीतर त्या पायरीवर, मध्ये पाय ठेवायला जागाच नाही. पायरी केवढी, हे फक्त लहरी सेकंदाला किती वेळा हलतात त्यावर ठरतं, आणि ते मोजायला घड्याळ असतं. चिपचं वय, मालकाचा मूड, बाहेरचा पाऊस, कशाचाही संबंध नाही. जगात कुठेही जा, पायरी तेवढीच.

फक्त हेलियम हवा. तो सतत उडून जात असतो आणि मिळत नाही. मध्यंतरी आमची टाकी कोरडी पडली होती. चिप कपाटात, सर खिडकीशी. घरातलं कोणी गेल्यासारखे आम्ही हळू आवाजात बोलायचो. मग एक दिवस अचानक हेलियम आला. "एक हितचिंतक," सर म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने टाकी भरली. मला त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी मी ताईच्या घरी गेलो. ती कणीक मळत होती.

"ताई, गोळ्या चालू कर."

"का?"

"तो माणूस भामटा आहे."

"आणि मीटर?"

"मीटर बरोबर आहे."

"कोणी तपासला?"

"मी."

"मग भामटा कोण झालं, बारक्या?" तिने कणकेला गुद्दा मारला. "तूच सांगतोस, तुमचा व्होल्ट जगात कुठेही तोच. तूच सांगतोस, आमच्याकडून गेलेल्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवा. ठेवला. आता म्हणतोस डोळे उघड."

"फिट मशीनवर आली तर?"

"येणार नाही."

"आली तर?"

तिने कणीक बाजूला सारली. मग पीठ लागलेला उजवा हात उलटा करून बघत म्हणाली, "तुला काय माहीत बटणं लावत बसणं म्हणजे काय असतं. गुरू गेले खड्ड्यात. मी तुझ्या लॅबवर विश्वास ठेवलाय. तुझ्या सरांनी माईकवर सांगितलं, ते खोटं बोलले का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. एवढं खरं बोलून एवढा हरलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

सोमवारी मी सरांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

"सर, त्या मीटरला दांड्या जोडतात. त्या आपण तपासायला हव्या होत्या."

"आपल्याकडे काय आलं?" सरांनी वर न बघता विचारलं.

"मीटर."

"आपण काय तपासलं?"

"मीटर."

"मग?"

हा आमच्या लॅबचा नियम आहे आणि तो वाईट नाही. खिडकीतून जी वस्तू आत आली तिच्याबद्दलच बोलायचं. तिच्या पुढे काय जोडलंय, मागे काय जोडलंय, हे आपलं नाही. सगळ्यांनी सगळ्यावर बोलायला लागलं तर लॅब आणि चहाची टपरी यात फरक काय?

"माझी बहीण त्यात अडकलीय, सर. फिट्सच्या गोळ्या सोडल्यात."

सरांनी चष्मा काढून पुसला.  "तिला डॉक्टरकडे ने," ते म्हणाले. "आणि ऐक, लॅबच्या नावाने तिथे काही बोलू नकोस. जे मोजलं नाही ते बोलायचं नसतं."

मी मान डोलावली. मला ते तत्त्व वाटलं.

पुढचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी ताई मशीनवर बसणार होती. मी थिएटरात लवकर पोचलो आणि प्रश्नोत्तरांची वेळ येताच हात वर केला.

"गुरुजी, एक पेशंट आहे. केस पांढरे झालेत. बोलत नाही, बसवलं तर बसत नाही. आयुष्यभर लोकांच्या पायाखालची घाण काढली, आता कोपऱ्यात पडून असतो. कोणी विचारत नाही."

थिएटर हळहळलं. मागून एक बाई म्हणाल्या, "अगं आई गं."

"आण त्याला," गुरू गहिवरून म्हणाले. "आपल्या दारात कोणाला नाही म्हणत नाहीत."

"पण त्याच्या बैठका झालेल्या नाहीत."

"ज्याने एवढी सेवा केली त्याला बैठका कशाला? थेट पांढऱ्या दांड्या."

मी विंगेत गेलो आणि थिएटरची फरशी पुसायचा मॉप घेऊन आलो. ओला होता, नुकताच स्वच्छतागृहाकडे जाऊन आला होता.

हसू येण्याआधी जी शांतता असते ती पसरली. गुरूंनी तोंड उघडलं, पण शब्द देऊन बसले होते. मी मॉप खुर्चीवर ठेवला, पांढऱ्या कापडाच्या दोन्ही दांड्या त्याच्या ओल्या केसांत एकमेकींपासून दूर खुपसल्या आणि बाजूला झालो.

पडद्यावर आकडा उडाला. शून्य टिंब आठच्या वर.

"तेजस्वी," मी म्हणालो.

पहिल्यांदा हसले ते इलेक्ट्रिकच्या दुकानाचे काका. मग ते हसू रांगारांगांतून मागे गेलं. "मॉपला काय पथ्य सांगितलंत?" कोणीतरी विचारलं.

"ती तुझी शक्ती," गुरू म्हणाले. "तू आणलंस ना त्याला हाताने."

"आता कुठे हात लावलाय?"

"मग या जागेची. इतक्या जणांनी इथे ध्यान केलंय."

"चालेल. तर मग निळ्या दांड्या लावून बघू. जागा तीच, मॉप तोच."

लावल्या. आकडा धपकन खाली आला आणि शून्यापाशी घुटमळला. मी टेबलावरचं दुसरं काहीच बदललं नव्हतं, फक्त दांड्या.

"मॉपला झोप लागली," काका म्हणाले.

मग मी कापडं सोडली. गुरू पुढे आले, पण पहिल्या दोन रांगांतल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना नीट बघायचं होतं. निळ्या कापडातून दोन लालसर दांड्या निघाल्या. दोन्ही तांब्याच्या. पांढऱ्या कापडातून एक लालसर निघाली आणि एक करडी. एक तांब्याची, एक जस्ताची. करडी जागोजागी खाल्लेली होती. मी पांढऱ्या कापडाला जीभ लावली. खारट.

"एवढंच आहे," मी म्हणालो. "तांबं, जस्त आणि मिठाचं पाणी. याला सेल म्हणतात, शाळेत लिंबात दोन धातू खुपसून करतात तोच. दांड्या माणसाच्या हातात द्या, मॉपमध्ये घाला, नाहीतर ओल्या चपलेत घाला, वीज तयार होणार. ती तुमच्यातून येत नाही, जस्त झिजून येते. ही दांडी बघा, कोणाची शक्ती संपत चाललीय ते दिसेल. दोन्ही दांड्या तांब्याच्या असल्या की सेल होत नाही, म्हणून नवा माणूस कायम निद्रित. गुरुजी, तुम्ही स्वतः या तांब्याच्या दोन दांड्या धरता का?"

"मला सिद्ध करायची गरज नाही."

"धरा हो," मघाशी हळहळलेल्या बाई म्हणाल्या. आवाज आता वेगळा होता. "मॉपने धरल्या, तुम्हाला काय होतंय?"

त्यांनी धरल्या. पडद्यावर शून्य आणि शून्याच्या मागे थोडी थरथर. कोणी हसलं नाही. मागच्या रविवारी मान खाली घालून गेलेले ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत होते. ते फक्त बघत राहिले.

मला वाटलं, संपलं. हात झटकून खाली उतरावं.

तेवढ्यात गुरू म्हणाले. अगदी शांतपणे, माईक खाली ठेवून, पण पहिल्या रांगांना ऐकू जाईल असं. "फार शहाणा होऊ नकोस. दांड्या मी पहिल्याच दिवशी तुमच्या लॅबमध्ये घेऊन आलो होतो. तुझ्या सरांनी हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, या परत न्या, खिडकीतून फक्त मीटर द्या. दांड्या आत आल्या तर आम्हाला लिहावं लागेल. मग आमच्या एका भक्ताने तुमची टाकी भरून दिली. त्याचा गॅसचा व्यवसाय आहे."

मी सरांकडे बघितलं. ते याही रविवारी पहिल्या रांगेत बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी थांबलो. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, मोजलेल्या आकड्यावरही तीनदा संशय घे. त्यांच्यावर मी एकदाही घेतला नव्हता.

"सर?"

"हेलियम नसता तर लॅब बंद झाली असती," सर म्हणाले. "चिप नुसती पडून होती, तू पाहिलंस. मी खोटं काही लिहिलं नाही. मीटर बरोबर आहे."

"दांड्या हातात घेतल्या तेव्हा कळलं होतं?"

"वजनावरूनच कळलं."

म्हणजे सगळ्या जगात खरा व्होल्ट कुठला हे सांगणारी चिप आमच्या टाकीत थंड राहावी, म्हणून या थिएटरातल्या लोकांना मिठाच्या पाण्यावर फसवलं जात होतं. मला यावर एखादा विनोद सुचायला हवा होता. सुचला नाही.

ताई उठून पुढे आली. स्टेजवर चढली नाही, सरांसमोर उभी राहिली.

"सर, मी बारक्याची बहीण. त्या बुवाच्या सांगण्यावर मी गोळ्या सोडल्या नव्हत्या. मागे त्याने दोनदा सांगितलं, मी दोनदा नाही म्हटलं. तुमचा स्टिकर बघितला तेव्हा सोडल्या." तिने उजवा हात पुढे केला. "उद्या मी हा हात पात्याशी धरणार आहे. धरू का?"

सर टेबलावरच्या मीटरकडे बघू लागले.

"मीटरबद्दल नाही विचारत. हाताबद्दल विचारतेय. तुम्ही जाणकार आहात म्हणून."

"नको," सर म्हणाले. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "बाई, नको धरू. त्या मापाला काही अर्थ नाही. मला माहीत होतं."

ताईने मान हलवली, जणू दुकानदाराने माल संपल्याचं सांगितलं. मग तिथूनच तिने तिच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी ओरडले, तेही इतकं की मला चार पावलांवरून ऐकू आलं, मग त्यांनी तिला लगेच दवाखान्यात बोलावलं. गोळ्या एकदम सोडायच्या नसतात आणि पुन्हा सुरू करतानाही विचारून करायच्या असतात, हे ते किमान तीनदा म्हणाले. तिच्या मागोमाग आणखी काही लोक उठले. त्यांच्याही घरी कपाटात काही ना काही बंद करून ठेवलेलं होतं.

रिक्षात ताई म्हणाली, "तो बुवा परका होता रे. परक्याने फसवलं की माणूस शिव्या देतं आणि मोकळं होतं."

"हं."

"तुझ्या सरांना काय देऊ?"

मला माहीत नव्हतं. अजून नाही.

सोमवारी ताई बटणांच्या टेबलावर बसली. चिडलेली आहे, पण दोन्ही हातांनी चिडलेली आहे. थिएटर पुन्हा बंद झालं. गुरू दुसऱ्या गावी गेले असतील आणि तिथे आता चुंबक घेऊन उभे असतील. वरच्या कार्यालयाला मी जे घडलं ते कळवलं, खाली सही करून. सर मला काही बोलले नाहीत. ते अजून येतात, चिप अजून थंड आहे, पायऱ्या अजून जिथल्या तिथे आहेत. आमचा व्होल्ट आजही जगातल्या कुठल्याही व्होल्टाइतकाच खरा आहे. त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. आकडा बरोबर आहे का, हे विचारून थांबू नका. तो कशाचा आकडा आहे, ते विचारा. स्टिकर बघा, पण स्टिकर कशावर चिकटवलाय आणि कशावर चिकटवलेला नाही, तेही बघा. मोठ्या माणसाने सांगितलेलं खरं असेल, तरी त्याने काय सांगितलं नाही ते त्यालाच तोंडावर विचारा, मग तो तुमचा सर असला तरी. आणि कोणी तुमच्यासमोर मीटर धरलाच, तर त्याच्या वायरी जिथे जातात तिथपर्यंत चालत जा आणि कापड सोडा. त्याला हेलियम लागत नाही.